काकणाचं झाड

[पहाट. सुरूचं बन. लाटांची गाज, त्यावरून दोन पक्ष्यांचा आवाज.]

ऐकलंत? एवढ्या थोरल्या शिकारी पक्ष्याला हा बदकाचा गळा कुणी दिला, देव जाणे. पण याची घरटी शोधून मोजायच्या आमच्या कामाला हाच आवाज पहिला दुवा. नर आणि मादी पहाटे एकमेकांच्या सुरात सूर मिसळून ओरडतात, आणि ते ओरडत असले की घरटं फार लांब नसतं.

पुस्तकात याचं नाव समुद्री गरुड. कोकणातल्या गावांत काकण. पसरलेले पंख साधारण दोन मीटर. डोकं आणि पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, शेपूट पाचरीसारखी. घिरट्या घालताना पंख वर उचललेले, उथळ द्रोणासारखे. पिल्लू मात्र तपकिरी असतं, आणि आईबापांचा रंग यायला त्याला चारपाच वर्षं लागतात. तोवर ते दुसऱ्याच कुठल्या गरुडाच्या नावावर खपतं.

कुरव थव्याने बंदरावर उतरतात, त्यांची मोजदाद एका जागी बसून होते. काकणाचं तसं नाही. एका जोडीची एक हद्द, आणि तिथे दुसऱ्या जोडीला थारा नाही. म्हणून बाणकोटच्या खाडीपासून विजयदुर्गच्या खाडीपर्यंत, रत्नागिरी जिल्ह्याचा अख्खा किनारा गावोगाव फिरावा लागतो. दुर्बीण नंतर. आधी विचारपूस. माडावर चढणारे, गुराखी, रापण ओढणारे कोळी, यांना सगळं माहीत असतं. "कुठे असतं हो काकण?" म्हटलं की हात नेमक्या झाडाकडे जातो.

[झाडाचा बुंधा. जमिनीवर पांढरे शिंतोडे, हाडं.]

झाडाखाली गेलात की वर बघायच्या आधी खाली बघा. विष्ठेचे पांढरे सडे, माशांचे काटे, आणि मण्यांच्या तुटलेल्या माळेसारखे मणके. ते समुद्री सापांचे. काकण मासे खातं, पण विषारी समुद्री साप हे त्याचं खास खाणं. पाण्याच्या वरच्या थरात आलेला साप ते झेप घालून नखांत उचलतं. कधी दुसऱ्या पक्ष्याच्या तोंडचा मासाही हिसकावतं. गरुड म्हणून फार सोवळेपणा नाही.

वर काटक्यांचा ढिगारा. हे घरटं एका वर्षाचं नव्हे. तीच जोडी दरवर्षी त्याच घरट्याची डागडुजी करते, नव्या काटक्या रचते, आत हिरवी पानं अंथरते. पाऊस सरला, ऑक्टोबर उजाडला की ही लगबग सुरू. अंडी बहुधा दोन. सुमारे सहा आठवडे उबवणं, आणि पिल्लू उडेपर्यंत आणखी दोनअडीच महिने. या काळात आम्ही झाडावर चढत नाही, ड्रोन उडवत नाही. लांबून दुर्बिणीतून बघायचं. माणसांची वर्दळ वाढली तर जोडी घरटं सोडून जाते, आणि ते पाप कॅमेऱ्याच्या माथी नको.

या शोधाने एकदा भलतंच काही हाती दिलं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि तिचे कार्यकर्ते भाऊ काटदरे काकणाच्या घरट्यांचा माग काढत होते. 2002 साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. मान वर करून फिरणाऱ्यांची नजर खाली गेली, आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम तिथून सुरू झालं. आज वेळास म्हटलं की लोकांना कासवंच आठवतात. गरुड बिचारा मागे पडला.

[उंच रायवळ आंबा, बाजूला हापूसची ठेंगणी कलमं.]

काकणाला उंच, जुनं, समुद्र दिसेल असं झाड लागतं. हापूसच्या कलमावर त्याचं भागत नाही. रायवळ आंबा, वड, सुरू अशी झाडं लागतात. रायवळाची फळं बाजारात कोण विचारतो? लाकडाला मात्र गिऱ्हाईक मिळतं. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, भावकीतली वाटणी, कारण काहीही असो, करवत आधी याच झाडाला लागते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने तर रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची उंच झाडं एका दुपारात आडवी केली. नवं सुरू काही वर्षांत वर येतं. जुना रायवळ उभा राहायला दोन पिढ्या जातात.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे. त्याला मारणं गुन्हा. पण श्रावणात, घरटं रिकामं असताना, आपल्या आवारातलं झाड कुणी विकायला काढलं तर त्याच्याशी कायद्याच्या नव्हे, ओटीवर बसून चहाच्या भाषेत बोलावं लागतं.

[वही उघडते. हाताने आखलेले रकाने.]

म्हणून आमच्या वहीत गाव, झाडाची जात, उंची, समुद्रापासूनचं अंतर, अंडी, पिल्लं हे सगळं आहेच. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवलाय. त्यात झाडाच्या मालकाचं नाव, आणि त्याच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं, ते.