तंबाखू लागते म्हणजे काय

[दृश्य : पहाट. कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या काळ्या रानातलं तंबाखूचं शेत. पानांवर दहिवर.]

दिवाळी सरलेली. तंबाखू कमरेला लागलेली. पानांवर दहिवर इतकं, की दोन सऱ्या फिरून येईपर्यंत बायकांची लुगडी गुडघ्यापर्यंत भिजतात. फुटवे काढायचं काम चाललंय. शेंडा खुडलेल्या झाडाच्या बगलेतून नवे कोंब येतात, ते बोटांनी मोडायचे. बोटांना डिंक लागतो, चिकट. वाळला की काळा पडतो.

दहाच्या सुमाराला एक पोरगी बांधावर येऊन बसते. पहिल्यांदाच कामाला आलेली. डोकं गरगरतंय, तोंडाला पाणी सुटतंय. मग उलटी. बाकीच्या बायका घाबरत नाहीत. एकजण म्हणते, "काय न्हाई, तंबाखू लागली हिला. सावलीत निजू द्या."

या पोरीनं तंबाखू खाल्लेली नाही, ओढलेली नाही. नुसता ओल्या पानांना हात लावलाय. पानातलं निकोटीन दहिवरात उतरलं आणि कातडीतून रक्तात गेलं. शेजारच्याच सरीत एक म्हातारी तेच काम करतेय, तितकाच वेळ. तिला काहीच झालेलं नाही. ती रोज मशेरी लावते.

माझं लहानपण अशाच बांधांवर गेलं. एकाच पानानं एकीला आडवं पाडलं आणि दुसरीला हातही लावला नाही, असं का, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. उत्तर पेशीच्या कातडीवर आहे. तिथवर जाऊ या, पण आधी या झाडापाशी थोडं थांबू.

[दृश्य : शेंडा खुडणारे हात, अगदी जवळून.]

निकोटीन पानात तयार होत नाही. ते मुळांत तयार होतं आणि रसाबरोबर वर चढतं. शेंडा खुडला की झाडाला जखम होते. त्या जखमेचा निरोप जास्मोनेट नावाच्या रेणूंमार्फत खाली मुळांपर्यंत जातो, आणि मुळं जास्त निकोटीन करू लागतात. झाडाच्या लेखी शेंडा किड्यानं खाल्लाय, आणि निकोटीन हे किड्यांना मारायचं विष आहे. "खुडल्याबिगर तंबाखू कडक व्हत न्हाई," असं आमच्याकडचा कुठलाही जुना शेतकरी सांगेल. रेणूंचं नाव त्याला ठाऊक नसेल, पण त्या निरोपावर त्यानं पिढ्यान् पिढ्या शेती केली आहे.

याच पानाच्या भावासाठी 1981 साली निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले होते. त्या आंदोलनात गोळीबार झाला, 12 शेतकरी गेले. म्हणून या पिकाबद्दल बोलताना जीभ सांभाळावी लागते. ज्यानं घर चालवलं त्याच्याबद्दल आपण बोलतोय.

[दृश्य : वखारींची गल्ली. बारदानातली पोती. उन्हात उडणारी धूळ.]

1905 साल. इंग्लंडमधलं केंब्रिज. जॉन लँगली नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन घालून बघत होते. निकोटीन घातलं की स्नायू आखडायचा. प्रश्न असा, की निकोटीन नसेला चेतवतं की थेट स्नायूला? लँगलींनी स्नायूकडे जाणारी नस तोडली, ती पूर्ण मरू दिली आणि मग निकोटीन घातलं. स्नायू तरीही आखडला. मग त्यांनी क्युरारे दिलं. दक्षिण अमेरिकेत शिकारीच्या बाणांना लावतात ते हे विष. स्नायू सैल पडला.

लँगलींनी ताडलं, की स्नायूच्या पेशीत असं काहीतरी आहे जे निकोटीनलाही धरतं आणि क्युरारेलाही. एकानं ते जागं होतं, दुसऱ्यानं अडतं. त्यांनी त्याला 'ग्रहण करणारा पदार्थ' म्हटलं. आज आपण त्याला रिसेप्टर म्हणतो. दम्याचा पंप, रक्तदाबाच्या कितीतरी गोळ्या, इन्सुलिनचं इंजेक्शन, सगळी आधी कुठल्या ना कुठल्या रिसेप्टरपाशीच जातात. आधुनिक औषधशास्त्र ज्या कल्पनेवर उभं आहे, ती ज्या प्रयोगांतून पक्की झाली त्यात तंबाखूच्या अर्काचा एवढा मोठा वाटा आहे, हे मला वाचून कळलं त्या दिवशी मी या वखारींच्या गल्लीतून मुद्दाम चालत गेलो. तोच वास, नाकाला चुरचुरणारा.

[दृश्य : रेखाचित्र. पेशीचं आवरण, त्यात रोवलेली पाच प्रथिनं.]

रिसेप्टर दिसतो कसा? निकोटीन ज्यावर बसतं तो पाच प्रथिनांचा असतो. पाचजण गोल करून बसावेत आणि मधे भोक राहावं, तसा. भोक एरवी मिटलेलं. शरीराचा स्वतःचा निरोप्या म्हणजे ॲसिटिलकोलीन. नसेच्या टोकातून तो सुटतो, रिसेप्टरवर बसतो, भोक उघडतं, सोडियमचे कण आत घुसतात आणि स्नायू हलतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. लगेच एक एन्झाइम येऊन ॲसिटिलकोलीनचे तुकडे करतं. निरोप पोचला, निरोप्या संपला. हात उचलणं, श्वास घेणं या पुसण्यावर चालतं. फवारणीची ऑरगॅनोफॉस्फेट औषधं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. निरोप पुसलाच जात नाही, म्हणून विषबाधा झालेल्या माणसाची लाळ गळते, घाम फुटतो, छाती भरून येते.

निकोटीनचा आकार ॲसिटिलकोलीनशी इतका जुळतो, की रिसेप्टर फसतो. पण ते एन्झाइम काही निकोटीनला तोडू शकत नाही. ते रेंगाळतं. पोरीला बांधावर जी उलटी झाली, ती या न पुसलेल्या निरोपाची.

मग म्हातारीचं काय?

[दृश्य : चूल. तव्यावर भाजली जाणारी तंबाखू, धूर, मग काळी पूड. कोनाड्यातली पत्र्याची डबी.]

माझी आत्या चाळीस वर्षं मशेरी लावत होती. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. उठल्यावर पहिलं बोट डबीत. "मशेरी लावल्याबिगर पोट साफ व्हत न्हाई बाळ," असं ती म्हणायची आणि घरातली शिकलेली मंडळी हसायची. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आतड्याभोवतीच्या नसांवरही हेच रिसेप्टर असतात.

निरोप सारखा येत राहिला की पेशी सहसा रिसेप्टर कमी करते. दारात रोज कुणी ओरडू लागलं की आपण खिडकी लावून घेतो, तसं. दम्याचा आराम देणारा पंप ऊठसूट मारत राहिलं तर तो पूर्वीसारखा लागू पडत नाही, त्यामागे हेच आहे. पण निकोटीनच्या बाबतीत मेंदूतल्या पेशी उलट वागतात. रेंगाळणाऱ्या निकोटीनमुळे रिसेप्टर बधिर होतात, आणि पेशी त्यांची संख्या वाढवते. म्हणून रोजच्या तंबाखूवाल्याला शेतातलं निकोटीन सहसा झेपतं. नव्या पोरीच्या शरीराची तशी सवय झालेली नसते.

ही संख्याच पुढे गळ्यात पडते. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. आठ तासांच्या झोपेत ते सोळाव्या हिश्श्यावर येतं. पहाटे बधिर रिसेप्टर जागे होतात. संख्येनं जास्त, आणि सगळे रिकामे. चिडचिड, डोकं जड, कशात लक्ष नाही. याला आपण तलफ म्हणतो, आणि पाठोपाठ त्या माणसाला 'मनाचा कच्चा' म्हणून मोकळे होतो. आत्याला मी स्वतः असं म्हटलेलं आहे. ते चुकीचं होतं. विधवा झाल्यावर दोन पोरं विड्या वळून वाढवणारी बाई मनाची कच्ची कशी असेल? सूप मांडीवर, फर्म्यानं पान कापायचं, चिमूटभर जर्दा, गुंडाळी, दोरा. दिवसभर तंबाखूच्या धुळीत.

[दृश्य : दवाखान्याचा व्हरांडा. बाकावर बसलेली माणसं, हातात केसपेपर.]

आता औषधांचं. ही गोष्ट मामांची.

मामा दिवसाला विडीचा एक कट्टा ओढायचे. धाप लागायला लागली. डॉक्टरांनी थिओफायलिनच्या गोळ्या दिल्या. बरं वाटायचं. एकदा जास्त झालं, दवाखान्यात दाखल करावं लागलं, आणि तिथंच त्यांनी विडी सोडली. घरी आले तेव्हा घरात सण असल्यासारखं वाटलं. आठ-दहा दिवसांत उलट्या सुरू झाल्या. हात थरथरायला लागले, छातीत धडधड. गोळी तीच, मात्रा तीच, एक दिवसही चुकलेली नाही. "विडी सोडली आन् आजारी पडलो," असं मामा म्हणू लागले.

झालं होतं ते असं. विडीच्या धुरात काजळीचे रेणू असतात. ते यकृताच्या पेशीत शिरतात आणि एका प्रथिनाला जाऊन चिकटतात. ते प्रथिन उठून पेशीच्या केंद्रकात जातं आणि एक जनुक चालू करतं: विष आलंय, तोडणारं एन्झाइम वाढवा. ते एन्झाइम काजळीबरोबर थिओफायलिनही तोडतं. म्हणजे मामांच्या गोळीतला बराच भाग विडीच खात होती, आणि मात्रा त्या हिशोबानं बसली होती. विडी सुटली, निरोप थांबला, आठवडाभरात एन्झाइम उतरलं, आणि तीच गोळी रक्तात साठत गेली.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "विडी कधी सोडली?" मात्रा कमी केली, मामा सावरले. पहिल्या ठिकाणी हे कुणी विचारलं नव्हतं. मामांचं कन्नड बेताचं, समोरच्यांचं मराठी बेताचं. निम्मं बोलणं खुणांवर. माझा राग अजून गेलेला नाही, पण तेवढ्यावर थांबून कुणाचं भलं होणार नाही. म्हणून सांगतो: केसपेपर काढताना विडी किती, हे सांगा. सोडली असेल तर कुठल्या दिवशी, तेही सांगा. मनाच्या आजारावरच्या क्लोझापिनसारख्या काही गोळ्यांनाही हाच हिशोब लागू आहे. चहा-कॉफीलाही. कॅफिनलाही तेच एन्झाइम तोडतं. विडी सोडलेल्या माणसाला पूर्वीइतकाच चहा जास्त चढतो, झोप उडते, आणि तो समजतो की विडीविना जमत नाही.

मशेरी आणि चघळायच्या तंबाखूनं हे होत नाही. एन्झाइम वाढवतो तो धूर.

[दृश्य : रेखाचित्र. पेशीच्या आतली प्रथिनांची साखळी, एक खटका.]

आणि काही निरोप थांबतच नाहीत. 'वाढ' हा निरोप पेशीच्या आत रास नावाच्या प्रथिनांमधून जातो. रास म्हणजे खटका. चालू होतो, काम झालं की स्वतःला बंद करतो. तंबाखूच्या धुरातली रसायनं डीएनएला इजा करतात. के-रास या जनुकात नेमक्या जागी एक अक्षर बदललं, तर खटका चालू स्थितीतच अडकतो. बाहेरून कुणी 'वाढ' म्हणत नाही, तरी पेशी वाढत राहते. माणसाच्या गाठींमधला रासमधला हा बिघाड 1982 मध्ये सापडला. त्यावर थेट बसणारं पहिलं औषध, सोटोरासिब, अमेरिकेत मंजूर झालं 2021 मध्ये. मधली 39 वर्षं शास्त्रज्ञ या गुळगुळीत प्रथिनावर औषधाला पकडायला खाच शोधत होते. ती खाच सापडली ती धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसणाऱ्या बदलात. फुप्फुसाच्या कर्करोगात आता गाठीचा तुकडा जनुक-तपासणीला पाठवतात तो यासाठी: ज्याचा के-रास अडकलाय, त्याला साखळीच्या वरच्या पायरीवर, म्हणजे 'वाढ'चा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरवर बसणारं गेफिटिनिब हे औषध सहसा लागू पडत नाही.

[दृश्य : आत्याचं स्वयंपाकघर. सकाळ. भिंतीवर कॅलेंडर.]

तंबाखू सोडायची औषधंही याच रिसेप्टरवर बसतात. व्हॅरेनिक्लिन रिसेप्टर अर्धवट उघडतं. तलफ शमते, आणि वरून निकोटीन आलं तर त्याला जागा मिळत नाही. निकोटीनचं च्युइंगगम साध्या औषधाच्या दुकानात मिळतं. फोनवर सल्ला हवा असेल तर 1800-112-356 हा क्रमांक मोफत आहे.

सिगारेट सोडलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली गेली आहेत. वाढलेले रिसेप्टर सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा पहिल्या संख्येवर येतात. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे संक्रांतीपतूर?"

कॅलेंडरवर ती कोळशानं रेघ ओढते. आज एकेचाळिसावी. डबी अजून कोनाड्यात आहे, टाकून देऊ नको म्हणाली. रोज उठल्यावर हात तिकडे जातो, ती डबी हलवून बघते, आणि शेजारची कडुलिंबाची काडी उचलते.