‘ड्राँगो’ म्हणजे बावळट? कोतवालाला विचारा!

नमस्कार मंडळी! माझा मावसभाऊ मेलबर्नला नोकरीला लागला. पहिल्याच आठवड्यात पठ्ठ्याने ऑफिसच्या इलेक्ट्रिक किटलीत दूध, साखर, चहापत्ती, वर आलंसुद्धा किसून टाकलं आणि बटण दाबून मोबाईल बघत उभा राहिला. दूध उतू गेलं, ओट्यावरून ओघळत फरशीवर. शेजारचा सहकारी पोट धरून हसला, म्हणाला, “यू ड्राँगो!” आणि फडकं घेऊन पुसायलाही तोच आला. रात्री भावाचा फोन. “ताई, त्याने मला शिवी घातली का गं?”

नाही रे बाबा. ऑस्ट्रेलियात ‘ड्राँगो’ म्हणजे आपला ‘येडपट’. पुसायला आलेला माणूस म्हणाला, म्हणजे ‘अरे येड्या’ एवढंच.

पण या शब्दामागे एक घोडा आहे! 1920च्या दशकातला, शर्यतीचा. नाव ड्राँगो. 37 शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. आता गंमत ऐका. हा घोडा काही अगदीच टाकाऊ नव्हता, व्हिक्टोरिया डर्बीसारख्या मोठ्या शर्यतीत तो दुसरा आला होता. दुसरा! आपल्याकडे एवढ्यावर पेढे वाटले असते. पण लोकांना 37 शर्यतींमधला भोपळाच लक्षात राहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन हवाई दलातल्या नवख्या पोरांनाही ‘ड्राँगो’ म्हणायला लागले.

थांबा, अजून एक पायरी खाली उतरू. ड्राँगो हे मुळात पक्ष्याचं नाव. आणि या जातीचा आपल्याकडचा पक्षी तुम्ही शंभर वेळा पाहिलाय. काळाकुळकुळीत, दुभंगलेली शेपटी, विजेच्या तारेवर नाहीतर म्हशीच्या पाठीवर बसलेला. कोतवाल! जो घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीलासुद्धा पिटाळून लावतो. बाकीचे छोटे पक्षी मुद्दाम त्याच्या शेजारी घरटी बांधतात, फुकटचा पहारा मिळतो म्हणून. आफ्रिकेतल्या कालाहारीत याचाच एक भाऊबंद तर धोक्याची खोटी आरोळी ठोकतो. मीरकॅट, म्हणजे मुंगसासारखे छोटे प्राणी, घाबरून बिळात पळाले की त्यांनी टाकलेलं खाणं याच्या चोचीत. आणि हा म्हणे बावळट!

इंग्रजीला ही खोडच आहे. ‘डन्स’ म्हणजे वर्गातला ‘ढ’. तो शब्द आला जॉन डन्स स्कॉटस या स्कॉटिश तत्त्वज्ञावरून. 1308 साली वारला. लोक त्याला ‘सूक्ष्म बुद्धीचा पंडित’ म्हणायचे. दोनशे वर्षांनी नव्या विचाराच्या मंडळींनी त्याच्या अनुयायांची टर उडवायला सुरुवात केली, की हे कीस काढणारे, नवं काही शिकत नाहीत. अनुयायांची टिंगल, आणि नाव गुरूचं खराब! 1993 साली पोपनी त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या एक पायरी अलीकडे) म्हणून घोषित केलं, तरी शब्दकोशातला डन्स तसाच.

ब्रिटनमध्ये गेलात तर ‘नम्प्टी’, ‘वॉली’, ‘प्लॉन्कर’, ‘मपेट’ कानावर येतील. नम्प्टी स्कॉटलंडचा, माझा सगळ्यात लाडका. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्याला म्हणावा असा. मित्राला बिनधास्त म्हणा, पण साहेबाला नको, हे काय मी सांगायला हवं?

‘मोरॉन’ मात्र गमतीतही वापरू नका. 1910 साली हेन्री गॉडर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो शब्द काढला, आठ ते बारा वर्षांच्या मुलाइतकी बुद्धी असलेल्या प्रौढांवर शिक्का मारायला. अशा शिक्क्यांवरून माणसांना संस्थांमध्ये डांबलंय. त्यात हसण्यासारखं काही नाही.

हां, तर भाऊ. मी त्याला तारेवर बसलेल्या कोतवालाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, “हा बघ, तू!” त्याचं उत्तर आलं: “ते ठीक आहे ताई, पण किटलीला अजून आल्याचा वास येतोय.”