बाटलीत सापडतात ते नर

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांची हापूसची कलमं आहेत, तेव्हा फळमाशी म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही. सुरुवात सापळ्यापासून करू. तुमच्या बागेतला रक्षक सापळा, म्हणजे फळमाशीसाठी झाडाला टांगलेली वासाची बाटली, उघडा आणि आतल्या माश्या पांढऱ्या कागदावर पसरा. पारदर्शक पंख, पाठीवर पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. आता पोटाचं टोक बघा. मादीला तिथे सुईसारखी अंडनलिका असते. ती तुम्हाला जवळपास एकाही माशीत दिसणार नाही, कारण सापडलेले सगळे नर आहेत. आंब्याला डंख मारणारी, सालीखाली अंडी घालणारी मादी बाहेरच आहे.

मग सापळा फुकट का? मुळीच नाही. पण तो काय करतो हे नीट कळलं नाही, तर भरलेली बाटली बघून आपण निर्धास्त होतो आणि मे महिन्यात पेटीतल्या आंब्यात अळ्या निघतात.

नरांना सापळ्यात ओढणाऱ्या वासाचा शोध आपल्याच देशात लागला. बिहारमधल्या पुसा इथे हाऊलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास दूर राहावेत म्हणून रुमालावर सिट्रोनेला तेल घ्यायची तेव्हा पद्धत होती. त्या तेलाकडे फळमाश्या येतात आणि येतात ते फक्त नर, हे त्यांनी 1912 साली लिहून ठेवलं. तेलातला नेमका कोणता घटक त्यांना ओढतो याचा त्यांनी पाठपुरावा केला आणि 1915 मध्ये मिथाइल युजेनॉलचं नाव पुढे आलं. आज तुमच्या सापळ्यातल्या लाकडी ठोकळ्याला असतं ते हेच. दारातल्या तुळशीतही ते सापडतं.

बाटलीतला हा वास मादीचा नाही, तो वनस्पतींचा आहे. नर त्याच्यामागे लागतो त्याचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. ठोकळ्यावर बसलेला नर नीट पाहा, तो सोंड टेकवून चोखत असतो. फुलापानांतून मिळालेलं मिथाइल युजेनॉल तो पोटात घेतो, शरीरात त्याचे दुसरे पदार्थ तयार होतात आणि ते गुदाशयाजवळच्या ग्रंथीत साठतात. संध्याकाळी, मिलनाच्या वेळी, तो हा साठा हवेत सोडतो आणि त्या गंधाने माद्या त्याच्याकडे येतात. ज्याने हे खाल्लं, त्याला जोडीदारीण मिळण्याची शक्यता वाढते. म्हणजे मादीला बोलावणारा कामगंध नर स्वतः बनवतो, आणि त्याचा कच्चा माल तो झाडांकडून आणतो. आपण तोच कच्चा माल कीटकनाशक घालून बाटलीत ठेवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एकदा पोटभर मिथाइल युजेनॉल मिळालेला नर पुढे काही काळ सापळ्याकडे तितक्या ओढीने येत नाही. म्हणून फळ तयार व्हायला लागल्यावर सापळे टांगणं म्हणजे उशीर. फळ धरतं तेव्हाच ते लागले पाहिजेत. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. शंभरातले नव्वद नर मारले तरी उरलेले दहा काम भागवतात. शिवाय शेजारच्या बागेत फळलेली मादी उडत तुमच्या कलमावर येते, तिला तुमच्या सापळ्याशी काहीच देणंघेणं नसतं.

प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर 1960 च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून बेटभर टाकले, पुन्हापुन्हा टाकले, आणि ही माशी तिथून नाहीशी केली. जपानने ओकिनावाच्या बेटांवरून ती 1980 च्या दशकात घालवली. ही बेटं होती, बाहेरून माशी येत नव्हती आणि एकही कोपरा सुटला नव्हता. आपल्याकडे समुद्र एकाच बाजूला आहे. त्यामुळे एकट्याने सापळे लावून फायदा थोडा, पण पूर्ण वाडीने एकाच आठवड्यात लावले तर चित्र बदलतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 4 सापळ्यांची आहे, तो खर्च कोणालाही जड नाही.

काही जण आंब्याचाच सापळा कारली-दुधीच्या मांडवावर टांगतात. तिथली मुख्य माशी वेगळी, तिला मिथाइल युजेनॉलचं आकर्षण नाही. वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू ल्यूर नावाच्या दुसऱ्या आमिषाचा सापळा घ्या.

आता माद्यांचं काय? त्यांच्यासाठी बाटली नाही, हात लागतात. अळी फळात वाढते, फळ गळतं, अळी बाहेर पडून जमिनीत काही सेंटिमीटर खोल कोषात जाते आणि तिथून नवी माशी निघते. झाडाखाली पडलेला प्रत्येक सडका आंबा ही पुढची पिढी आहे. तो दोन दिवसांच्या आत उचला आणि खोल खड्ड्यात पुरा, नाहीतर पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. अंड्याएवढी कैरी झाली की कागदी पिशवी घातलेली सर्वांत उत्तम, मादीची सुई फळापर्यंत पोचतच नाही.

1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारताचा आंबा बंद केला होता, तो फळमाशीसारख्या किडी पेट्यांत सापडत राहिल्यामुळे. 2015 च्या जानेवारीत बंदी उठली. आता युरोपात जाणारा आंबा 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात, त्यात अंडी-अळी मरते. पण स्थानिक बाजारात जाणाऱ्या पेटीला हे संरक्षण नाही, आणि आपला बराचसा माल तिकडेच जातो.

प्रश्नांकडे वळण्याआधी एवढंच सांगतो: रस्त्याकडेची रायवळ झाडं, परसातले पेरू, बंद घरांची सोडलेली कलमं, यांच्याखालचा सडा कोण उचलणार, हे आजच्या बैठकीत नावानिशी ठरवा. सापळे त्या झाडांवरही लागले पाहिजेत.