हर्णैच्या होड्यांवरचं बिऱ्हाड

श्रोतेहो, नमस्कार.

दापोलीहून सुमारे १५ किलोमीटरवर हर्णै बंदर आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतलं. दुपार कलली की वाळूत पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग लागतात आणि लिलाव सुरू होतो. होड्या थेट काठाला लागत नाहीत, म्हणून मासळी उतरवून आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात. हे सगळं बघाच. पण जरा वेळ काढून, नांगरून पडलेल्या होड्यांकडेही बघा. कुठे दोरीवर लुंग्या वाळत असतात, कुठे केबिनमागून स्वयंपाकाचा धूर येत असतो. तिथे माणसं राहतात.

हाँगकाँगच्या ॲबरडीन बंदरात एके काळी अख्खी कुटुंबं होडीवर राहायची. मुलं तिथेच जन्मायची, तिथेच वाढायची. आपल्या कोळ्यांचं घर मात्र गावात, हर्णैशेजारच्या पाजपंढरीसारख्या वाडीत. संसार दोन जागी वाटलेला. नाखवा म्हणजे होडीचा मालक, तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख, आणि खलाशी आठ-आठ दिवस पाण्यावर आणि किनाऱ्यावरचा सगळा व्यवहार बायकांच्या हाती. मासळी निवडणं, विकणं, सुकवणं, घरात पैसा पुरवून वापरणं, सगळं त्यांच्याकडे. बोली चालू असताना एखाद्या मावशीचा चेहरा बघा, भाव पटला नाही तर तिथेच कळतं.

होडीवरची जागा ती केवढी! खाली खणात बर्फ आणि मासळी, मागे इंजिन, वर जाळ्यांचा ढीग. उरेल तेवढ्यात सात-आठ जणांनी जेवायचं आणि आळीपाळीने झोपायचं. पिण्याचं पाणी पिंपात, तेही मोजून. रात्री जाळं ओढायची हाक आली की अर्धी झोप तशीच टाकून उठायचं. कोकणातल्या बंदरांत नेपाळहून आलेले खलाशीही खूप आहेत. त्यांना इथे दुसरं घरच नाही. होडी बंदरात आली तरी त्यांचा मुक्काम होडीवरच. आपल्या ताटातल्या माशामागे त्यांचेही कष्ट आहेत, हे आपण फार क्वचित बोलतो.

वादळाचा इशारा आला की आणखी एक धावपळ. हर्णैची बाजू उघडी, म्हणून होड्या आंजर्ल्याच्या खाडीत न्यायच्या. पण खाडीच्या तोंडाशी गाळ, तेव्हा भरतीची वाट बघणं आलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने हा सगळा पट्टा झोडपून काढला होता. इतकी मासळी उतरणाऱ्या बंदराला भक्कम आसरा मिळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढतात, शाकारतात, जाळी विणायला घेतात. याच दिवसांत वाडीतली घरं भरलेली असतात, बापलेक एका पंगतीला बसतात. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा.

तुम्ही जाल तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा. होडीवर चढायचं असेल तर तांडेलाची परवानगी घ्या. आणि मासळी घ्यायचीच असेल तर ती वाळूत पाटी घेऊन बसलेल्या मावशीकडूनच घ्या.