पान कोणत्या गालात?

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात एखाद्याने आ केला की तो तंबाखू खातो का, एवढेच नव्हे, तर ती कोणत्या बाजूला धरतो, हेही बहुधा न विचारता कळते. रबाळ्याच्या एका कारखान्यात रात्रपाळी करणारे गृहस्थ मध्यंतरी आले होते. झोप येऊ नये म्हणून चुना लावून मळलेली चिमूट खालच्या ओठाच्या आत, डावीकडे दाबून ठेवायची, हा त्यांचा वीस वर्षांचा परिपाठ. नेमके तेवढ्याच जागेचे अस्तर पांढुरके आणि पाण्यात भिजलेल्या बोटांसारखे सुरकुतलेले होते, तिथल्या दोन दातांची हिरडी खाली सरकून मुळे उघडी पडली होती. उजवी बाजू मात्र जवळपास निरोगी होती.

तरतरी देणारी पाने इतरत्रही अशीच गालात धरली जातात. येमेन, इथिओपिया, केनिया या देशांत एका झुडपाची कोवळी पाने तासन्‌तास चघळतात. अरबीत त्यांना ‘कात’ म्हणतात. आपल्या विड्यातल्या काताशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांतले कॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य पान सुकू लागले की झपाट्याने घटते, म्हणून पाला ताजाच लागतो, आणि चावलेला गोळा एकाच गालात साठवत जातात. त्याने तोंड कोरडे पडते, कडवटपणा मारायला गोड पेये घेतली जातात, आणि लाळ कमी असताना आलेली ही साखर दात किडवते. पांढरा चट्टा तिथेही गोळ्याच्याच बाजूला उमटतो. अँडीज पर्वतातले लोक कोकाच्या पानांना चुन्याची किंवा राखेची जोड देतात, आपण तंबाखूला चुना लावतो, आणि दोन्हींमागचे कारण एकच आहे: अल्कधर्मी चुन्यामुळे उत्तेजक द्रव्य मोकळे होऊन अस्तरातून रक्तात लवकर शिरते. तोच चुना ते अस्तर भाजतोही.

नागवेलीचे पान त्या मानाने गरीब. विड्यातला खरा दोष सुपारीचा. तिच्यामुळे गालाच्या अस्तराखाली घट्ट तंतू साचतात, तिखट सोसेनासे होते आणि पुढे तोंडच उघडत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर दाखवून घ्यावे. ‘मी तंबाखू घालत नाही’ असे सांगणाऱ्यांनी हे ऐकावे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविना विडाही कर्करोगकारक ठरवला आहे.

मशेरीची गोष्ट वेगळीच. तंबाखू खाता का, असे विचारले की मावशी ठामपणे नाही म्हणतात. मशेरी लावता का, म्हटले की ‘ती होय, ती रोजचीच’ असे उत्तर येते. तव्यावर काळी केली तरी ती तंबाखूच असते, आणि हिरडीवर घासल्याने ती दात साफ करण्याऐवजी हिरडी सोलते.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लालसर चट्टा किंवा बोटाला कडक लागणारी जागा दिसली, तर तुकडा काढून तपासावा लागतो. त्यात दिरंगाई नको. सवय सोडण्यासाठी 1800112356 या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

रबाळ्याच्या त्या गृहस्थांनी चिमूट बंद केली. दीड महिन्यात सुरकुत्या विरून अस्तर गुलाबी झाले. सरकलेली हिरडी मात्र परत वर आली नाही, आणि गार पाणी ते अजून उजव्या बाजूनेच पितात.