तारेच्या आतलं सोलापूर

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात हक्कांच्या लढ्याचा विषय निघाला की आपण थेट १९३० च्या मार्शल लॉवर येतो, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांवर. यायलाच हवं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं इथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. पण तो मार्शल लॉ दोन महिनेही चालला नाही. याच शहरात दुसरा एक कायदा वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला होता. त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

तो म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. १८७१ साली तो उत्तरेत आला, १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सरकारने जमातीचं नाव गॅझेटात छापलं की विषय संपला. त्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोयच नव्हती. चोरी कुणी केली, पुरावा काय, कुणी विचारायचं नाही. कैकाड्याच्या, टकाऱ्याच्या, कंजारभाटाच्या घरात जन्मलात, एवढं पुरे.

सोलापुरात अशा माणसांची वसाहत तारेच्या कुंपणात होती. रजिस्टरात नाव, बोटांचे ठसे, हजेरी. बाहेर पडायचं तर पास हवा. बिनपासाचा सापडला की वॉरंटशिवाय अटक. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची मुभाही कायद्यात होती. आणि हीच माणसं गिरणीत राबायची. भोंगा झाला की तारेतून गिरणीत, पाळी सुटली की पुन्हा तारेत. सरकार याला सुधारणा म्हणायचं. हुकमी मजूर कुणाच्या फायद्याचा, हे गिरणगावाला मी काय सांगू! वर्तणूक चांगली दिसली तर तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत जागा मिळे. आजही रिक्षावाल्याला 'सेटलमेंट फ्री कॉलनी' म्हणा, बरोबर नेऊन सोडेल.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्येच रद्द केला. देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. त्यातून सुटलेल्या या जमाती म्हणजे विमुक्त, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पुढे १९५९ मध्ये आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो जमातीला नव्हे, माणसाला लागू. पण गावात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते, हे वस्तीतल्या म्हातारीला विचारा.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं. तेव्हा कुणाला नुसत्या संशयावरून उचललं, तर अटकेचं कारण विचारा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कोठडीतल्या कुणालाही वकील फुकट मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा.