पेटीत तेच आहे का?

(दृश्य: देवगड तालुका. कातळावरची कलमांची बाग. एप्रिल, पहाटेचे साडेपाच. अजून पुरतं उजाडलेलं नाही.)

बाबा झेला घेऊन कलमाखाली उभे आहेत. लांब बांबू, टोकाला जाळी, जाळीच्या तोंडाशी पातं. फळ जाळीत घ्यायचं, देठ पात्यावर आणायचा आणि हलका हिसका द्यायचा. देठ थोडा तरी राहिलाच पाहिजे. तो मुळातून निघाला की चीक फळावर ओघळतो आणि चार दिवसांनी तिथे काळा डाग उठतो. आंबा चौदा आणे तयार हवा. त्याआधी काढला तर पिकताना सुरकुततो, झाडावर जास्त ठेवला तर आत साका, म्हणजे गरात पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, धरायची भीती.

मी यांची मुलगी. बागेत मी फक्त हाताखाली असते. माझं स्वतःचं काम घराच्या माडीवर, दोन स्क्रीनसमोर चालतं. २१ वर्षं मी बिल्ड आणि रिलीज इंजिनिअर आहे.

बाबा आजही म्हणतात, "बाय, तुझा काम काय ता माका अजून कळूक नाय."

(दृश्य: माडीवरची खोली. खिडकीतून दूरवर समुद्राची रेघ.)

प्रोग्रामर लिहितात तो मजकूर असतो. त्याला सोर्स कोड म्हणतात. ग्राहकाच्या हातात तो तसाच जात नाही. त्यापासून चालणारी वस्तू बनवावी लागते. हजारो फाइली कुठल्या क्रमाने, कुठल्या कंपायलरने (मजकुराचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारं साधन), बाहेरून आणलेल्या कुठल्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, जोडून बनवायच्या, हे सगळं ठरवून ती बनवणं म्हणजे बिल्ड. तयार झालेल्या मालाला नंबर देणं, तपासणं, बांधणं आणि पाठवणं म्हणजे रिलीज. कोड लिहिणारे शंभर असतात, हे काम करणारे दोघे-तिघे.

२००४ मध्ये मी पुण्यात, हिंजवडीला नोकरीला लागले. बिल्डचं काम माझ्याकडे आलं कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. हातात मिळाली एक मेकफाइल, म्हणजे मेक नावाच्या साधनाला बिल्ड कशी करायची ते सांगणारी फाइल, माझ्याआधी तिघांनी ठिगळं लावलेली. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यात एक ओळ वाढवली आणि बिल्ड बंद पडली. 'मिसिंग सेपरेटर' असा संदेश यायचा. दीड दिवस मी ती ओळ न्याहाळत होते. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. चूक होती ती अक्षरांच्या आधीच्या मोकळ्या जागेत. तिथे टॅब लागतो, मी स्पेस दिल्या होत्या. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं.

मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. टॅबची ही खोड त्यांच्याही लक्षात आली होती. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून तो टॅब तसाच राहिला. त्या डझनभर लोकांसाठी राहिलेल्या टॅबने हिंजवडीत माझा दीड दिवस खाल्ला.

पण मेक जन्माला का आलं, ती गोष्ट मला जास्त जवळची वाटते. फेल्डमन यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एकदा तणतणत त्यांच्या खोलीत आले. सकाळभर ते एका प्रोग्राममधली चूक शोधत होते, आणि प्रोग्राम बरोबरच होता. चूक आधीच दुरुस्त केलेली होती. फक्त ती दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, त्यामुळे चालत होता तो जुनाच माल. कागदावर एक आणि हातात दुसरंच.

मेक काय करतं, ते आमच्या स्वयंपाकघरात कळतं. आई सकाळी खोबऱ्याचं वाटप करून ठेवते. मासे उशिरा आले तर ती वाटप पुन्हा करत नाही, फक्त कालवण तेवढं नव्याने चढवते. पण खोबरंच बदललं तर वाटपही नवं आणि कालवणही. मेक फाइलींच्या वेळा बघतं. एखादी वस्तू ती ज्यापासून बनते त्यापेक्षा जुनी दिसली की तेवढीच पुन्हा बनवतं. पन्नास वर्षं होत आली, आणि यानंतर आलेल्या बहुतेक साधनांच्या पोटात हाच विचार आहे.

(दृश्य: पॅकिंगची पडवी. लाकडी पेट्या, वाळलेलं गवत. गडी वजनाप्रमाणे फळं लावताहेत.)

आता माझी एक चूक सांगते. ही न सांगता माझ्या कामाबद्दल बोलणं मला खरं वाटणार नाही.

२००६ साल. रिलीज माझ्याच टेबलाखालच्या मशिनवर बनायची. तेव्हा पुष्कळ ठिकाणी तशीच पद्धत होती. आमचं सॉफ्टवेअर लांबलांबच्या शाखांना जोडायचं, आणि समोरून उत्तर यायला ३० सेकंद वाट पाहायची असा त्यात आकडा होता. एका चाचणीसाठी मी माझ्या मशिनवर तो ३ केला. चाचणी झाली. आकडा परत करायचा राहिला. दोन दिवसांनी त्याच फोल्डरमधून मी रिलीज बांधली, नंबर दिला, पाठवली.

ज्या शाखांच्या लाइन मंद होत्या तिथले व्यवहार अर्ध्यात तुटायला लागले. तक्रार आली. सगळ्यांनी कोड उघडून पाहिला, तिथे ३० लिहिलेलं. प्रत्येकाने आपापल्या मशिनवर चालवून पाहिलं, नीट चाललं. तीन दिवस आम्ही ग्राहकाच्या नेटवर्कला दोष देत होतो, आणि मीही त्यांच्यातच होते.

चौथ्या रात्री मी ग्राहकाकडची फाइल मागवून घेतली. शेजारी रिकाम्या फोल्डरमध्ये नवी बिल्ड केली आणि दोन्ही फाइली बाइटला बाइट लावून पाहिल्या. दोन्हींचा आकार सारखा. तारखेची जागा सोडली तर फरक एकाच ठिकाणी. सोळाच्या अंकपद्धतीत ३० म्हणजे १ई. नव्या फाइलीत १ई होतं. ग्राहकाच्या फाइलीत त्या जागी ०३.

ते ०३ मला अजून दिसतं.

सकाळी मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की ग्राहकाला फोन तू करायचा. मी केला.

त्या दिवसापासून एक नियम मी पाळत आले. माणसाच्या मशिनवर बांधलेला माल बाहेर जाणार नाही. वेगळं मशीन, रिकामं फोल्डर, कोड थेट भांडारातून, म्हणजे सगळ्यांचा कोड जमा होतो त्या सामाईक जागेतून, घ्यायचा, आणि बांधताना मध्ये कुणाचा हात लागता कामा नये. पुढे आम्ही हडसन बसवलं. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना लिहिलेलं हे साधन २०११ पासून जेन्किन्स नावाने ओळखलं जातं. कुणीही कोड जमा केला की ते आपणहून बिल्ड करायचं, आणि तुटली तर कुणाच्या बदलाने तुटली ते सगळ्यांना कळवायचं. सुरुवातीला लोक चिडले. चारचौघांत आपलं नाव लाल रंगात येणं कुणाला आवडेल? वर्षभराने तेच लोक हडसन बंद पडलं की माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

मग एकामागून एक बदल येत गेले. कोडचं भांडार सांभाळायला आम्ही सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर गेलो, तिथून गिटवर. जावा भाषेतल्या प्रकल्पांत बिल्डची साधनं बदलली: अँट गेलं, मेव्हन आलं, मग ग्रेडल. २०१३ नंतर डॉकर आलं आणि मशिनच पेटीत भरून पाठवता यायला लागलं. प्रत्येक वेळी जुनं नव्यात नेऊन बसवायचं काम आमच्याकडे. चार तासांची एक बिल्ड मी दोन वर्षं खपून पंचवीस मिनिटांवर आणली. जे बदललं नाही ते पुन्हा बनवायचं नाही, हाच फेल्डमन यांचा विचार, फक्त शंभर मशिनांवर पसरलेला. त्या वर्षीच्या मूल्यमापनात मला ऐकवलं गेलं की तू प्रॉडक्टवर काम करत नाहीस, टूल्सवर करतेस, त्यामुळे बढतीचं बघू. मला ते तेव्हा लागलं आणि आजही ते अन्यायाचं वाटतं. साठ माणसांचे रोजचे साडेतीन तास वाचले होते.

(दृश्य: पावसाळी आभाळ. वाकलेले माड. जुने मोबाइलवरचे चित्रण.)

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा मी गावी आले आणि मग इथेच राहिले. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. उतरायचा राहिलेला आंबा खाली आला, पत्रे उडाले, वीज गेली आणि मोबाइलची रेंजही. त्याच आठवड्यात एक रिलीज ठरलेली होती. मी चार दिवस कुणालाच लागले नाही, आणि रिलीज वेळेवर गेली. सगळ्या पायऱ्या लिहून, बांधून ठेवल्या होत्या. पुण्यातल्या एका नव्या मुलीने त्या चालवल्या. पाचव्या दिवशी कट्ट्यावर एक कांडी रेंज मिळाली तेव्हा तिचा मेसेज वाचला. 'ताई, झालं. काही अडलं नाही.' माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा मेसेज तो.

(दृश्य: पेटीचं झाकण. बाबा मार्करने बागेचं नाव लिहिताहेत.)

पेटीवर देवगड लिहिलंय म्हणून आत देवगडचाच आंबा असेल, असं आता राहिलेलं नाही. बाहेरचा आंबा हापूसच्या नावाने विकला जातो, ही इथल्या बागायतदारांची जुनी जखम. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या हंगामापासून देवगडात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावायची पद्धत आली.

बाबा ते स्टिकर लावत होते तेव्हा मी त्यांना एक्सझेडची गोष्ट सांगितली.

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करायचं साधन. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या असंख्य मशिनांवर असतं आणि वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस ते सांभाळत होता. जिया टान या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला मदत केली, विश्वास कमावला आणि रिलीज काढायचा अधिकार मिळवला. मग ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्याचे तुकडे चाचणीच्या फाइली म्हणून कोडच्या भांडारात पडून होते, बघणाऱ्याला निरुपद्रवी वाटावेत असे. पण ते तुकडे जोडून जागे करणारी ओळ भांडारात नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात घातलेली होती. कोड वाचणाऱ्याला ती दिसणार नव्हती आणि गठ्ठा उघडून कुणी वाचत नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते उघडं केलं. त्याच्या मशिनवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता, आणि तो अर्धा सेकंद का, याचा त्याने पिच्छा सोडला नाही.

बाबांचा हात थांबला. म्हणाले, "म्हणजे पेटयेत काय भरलेला आसा ता बघूचा, असाच मा?"

एकवीस वर्षांत माझं काम इतक्या थोडक्यात मला सांगता आलेलं नाही.

अशा लपवाछपवीवर जो उपाय आहे, त्यातच गेली काही वर्षं मी बुडालेली आहे. डेबियन ही लिनक्सची एक आवृत्ती बनवणाऱ्या लोकांनी २०१३ पासून तो नेटाने लावून धरला. एकच कोड दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या मशिनांवर बांधला तर निघणारा माल बाइटला बाइट सारखा यायला हवा. मग एकाने गुपचूप काही घातलं तर दुसऱ्याचा माल त्याच्याशी जुळणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात बिल्ड आपली तारीख आत लिहून ठेवते. फोल्डरचा पत्ता लिहिते. एक मशीन फाइली एका क्रमाने वाचतं, दुसरं दुसऱ्या क्रमाने. पुण्यातलं मशीन आपली वेळ धरतं, परदेशातलं ग्रिनिचची. यातली एकेक गोष्ट हुडकून बंद करावी लागते. साठ फाइलींत गठ्ठा जुळतो आणि एकसष्टाव्या फाइलीत कुणीतरी कौतुकाने बांधणाऱ्याचं नाव छापलेलं असतं.

(दृश्य: रात्र. अंगणात टेम्पो. माडीवर दिवा.)

आज एक बिल्ड पुण्यात चालली, एक इथे. दोन्हींच्या शेवटी मालावरून काढलेला ६४ अक्षरांचा ठसा येतो; माल तोच असेल तर ठसाही तोच. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या. पहिल्याच अक्षराला वेगळ्या. फाइलींची यादी क्रमाने न लावताच गठ्ठ्यात जात होती, ते सापडायला अकरा वाजले. क्रम लावला आणि दोन्हीकडे पुन्हा सुरू केलं. चाळीस मिनिटं लागतील.

खाली ४३ पेट्या टेम्पोत चढत होत्या, सकाळी वाशीला पोचायच्या. बाबा अचानक थांबले. संध्याकाळी शेवटच्या रांगेत भरणारा पोरगा नवा होता आणि बाजूला काढलेल्या डागी आंब्यांच्या टोपलीत दोन फळं कमी दिसत होती. कदाचित कुणी खाल्ली असतील. बाबांनी त्या रांगेच्या पाचही पेट्या उतरवून घेतल्या आणि पकडीने खिळे काढायला बसले. टेम्पोवाला दोनदा हॉर्न देऊन गेला. मी लॅपटॉप तसाच चालू ठेवून खाली उतरले आणि त्यांच्यासमोर विजेरी धरली.